डेन्सिटी आली, पण डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट पडला: सिंटरिंग ॲडिटिव्हची नेहमीची तक्रार आणि तिचा शोध

तक्रार दरवेळी तीच असते. बेरियम टायटनेट हे कपॅसिटरमधलं सिरॅमिक. त्याची पावडर नुसती भाजून घट्ट करायची (यालाच सिंटरिंग म्हणतात) तर १३५० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं. तेवढी भट्टी नसते, किंवा भट्टी असते पण आतले इलेक्ट्रोड चांदीचे ठेवून सगळं एकत्र भाजायचं असतं आणि चांदी ९६२ ला वितळते. म्हणून बोरॉन ऑक्साइड, लिथियम फ्लोराइड, कॉपर ऑक्साइड किंवा काचेची तयार पूड, असं काहीतरी ॲडिटिव्ह अर्धा-एक-दोन टक्के घातलं जातं. तापमान काहीशे अंशांनी उतरतं, पेलेट (पावडर दाबून केलेली चकती) छान आकसते, फरशीवर टाकली तर खणखणीत वाजते. आर्किमिडीजच्या पद्धतीने डेन्सिटी काढली तर सैद्धांतिक घनतेच्या ९५ टक्के. मग चांदीचा लेप लावून एलसीआर मीटरला (कपॅसिटन्स मोजणाऱ्या यंत्राला) जोडायची, तर दोन हजार पिकोफॅरड दिसायला हवेत तिथे सहाशे. पुढच्या खेपेला त्याच कृतीने नऊशे. त्याच्या पुढच्या खेपेला साडेचारशे.

सिरॅमिकच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं हेच काम करते आहे. नवीन आलेल्या मुलांचा पहिला प्रश्न असतो, "मॅडम, किती टक्के घालू?" टक्केवारी नंतर बघता येते. आधी हे शोधायला हवं की भट्टीतून बाहेर आल्यावर ते ॲडिटिव्ह बसलंय कुठे. ते दाण्याच्या आत स्फटिकात विरघळलेलं असू शकतं, दाण्यांभोवती काचेची पातळ साय होऊन पसरलेलं असू शकतं, कोपऱ्याकोपऱ्यांत वेगळं साठलेलं असू शकतं किंवा भट्टीच्या धुराड्यातून उडूनही गेलेलं असू शकतं. या चारही ठिकाणी त्याचं वागणं वेगळं, म्हणून उपायही वेगळा. टक्के तेच असतानाही निकाल बदलतात ते यामुळेच.

आधी इलेक्ट्रोड तपासा

ॲडिटिव्हवर आळ घेण्याआधी एक हिशोब करून बघा. भाजून झालेली पेलेट १० मिलिमीटर व्यासाची आणि १ मिलिमीटर जाडीची असेल, तर डायलेक्ट्रिक कॉन्स्टंटच्या (हवेच्या तुलनेत पदार्थ किती पट विद्युतभार साठवतो त्या आकड्याच्या) दर एककामागे साधारण ०.७ पिकोफॅरड मिळतात. कॉन्स्टंट ३००० असेल तर सुमारे २१०० पिकोफॅरड. आता समजा लेप नीट चिकटला नाही आणि चांदी व पेलेट यांच्यामध्ये सगळीकडे मिळून अवघी एक मायक्रॉन हवेची फट राहिली. पेलेटची जाडी हजार मायक्रॉन, भागिले ३०००, म्हणजे ०.३३. हवेची जाडी एक, भागिले एक, म्हणजे १. बेरीज १.३३. हजार मायक्रॉनला १.३३ ने भागलं की मिळतात ७५०. एका मायक्रॉनच्या फटीने तीन हजाराचे साडेसातशे झाले, आणि यात ॲडिटिव्हचा काडीचाही संबंध नाही.

ही शंका फेडायला अर्धा दिवस पुरतो. तीच पेलेट मोजून झाल्यावर लेप काढा, सिलिकॉन कार्बाइडच्या पॉलिश पेपरवर घासून अर्धा मिलिमीटर करा, पुन्हा लेप लावा आणि पुन्हा कॉन्स्टंट काढा. दोष इलेक्ट्रोडपाशी असेल तर पातळ पेलेटचा कॉन्स्टंट आणखी खाली येईल. वरच्या उदाहरणात तो ४३० च्या आसपास उतरतो, कारण फट तेवढीच राहिली आणि पेलेट निम्मी झाली. दोष पेलेटच्या पोटात असेल तर दोन्ही जाडींना आकडा जवळपास सारखाच येतो. माझ्याकडे आलेल्या तक्रारींतल्या कितीतरी इथेच मिटल्या: खोलीच्या तापमानाला वाळवलेली सिल्व्हर पेंट बदलून भाजायची पेस्ट वापरली, किंवा सोन्याचं स्पटरिंग केलं (निर्वातात पातळ थर बसवला), आणि आकडे जागेवर आले.

डेन्सिटीचा हिशोबही याच वेळी तपासून घ्या. बेरियम टायटनेटची सैद्धांतिक घनता ६.०२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आहे. पण त्यात २.५ घनतेची काच वजनाने ५ टक्के घातली असेल, तर एकही छिद्र नसलेल्या पेलेटची घनता ५.६२ च येणार. ती ६.०२ शी ताडून पाहिली की ९३ टक्के दिसते आणि मग "अजून थोडं तापमान वाढवू" असा चुकीचा निर्णय होतो. तापमान वाढवलं की काच फुगते, बुडबुडे धरते, आणि आता घनता खरोखरच उतरते.

काचेची साय

इलेक्ट्रोड निर्दोष ठरला तर माझा पहिला संशय सायीवर असतो. वितळलेलं ॲडिटिव्ह दाण्यांना चांगलं ओलं करतं म्हणूनच तर सिंटरिंग लवकर होतं. द्रव दाण्यांच्या फटींत केशाकर्षणाने शिरतो, दाणे एकमेकांकडे ओढतो, एका जागी विरघळवून दुसऱ्या जागी बसवतो. पण हाच चांगला ओला करणारा द्रव थंड होताना प्रत्येक दाण्याभोवती काच होऊन गोठला, तर विद्युतक्षेत्राला वाटेत प्रत्येक दाण्यापाशी ती काच ओलांडावी लागते.

मघाचाच हिशोब आता दाण्यावर करा. दाणा एक मायक्रॉनचा, म्हणजे हजार नॅनोमीटर, कॉन्स्टंट ३०००. काचेची साय पाच नॅनोमीटर, कॉन्स्टंट ६. हजार भागिले तीन हजार, ०.३३. पाच भागिले सहा, ०.८३. बेरीज १.१७. एकूण जाडी १००५, भागिले १.१७, साधारण ८६०. म्हणजे १० बाय १ मिलिमीटरच्या पेलेटला ६०० पिकोफॅरड. सुरुवातीच्या तक्रारीतला आकडा हाच होता.

ही साय आकारमानाने जेमतेम दीड टक्का भरते, आणि काचेची घनता तीनच्या आसपास धरली तर वजनाने पाऊण टक्का. तीच दीड टक्का काच सायीऐवजी तीन दाणे मिळतात त्या कोपऱ्यांत गोळा झाली असती, तर लॉगरिदमच्या मिश्रण-नियमाने (दोन्ही कॉन्स्टंटच्या लॉगची प्रमाणानुसार सरासरी) कॉन्स्टंट २७०० च्या वरच राहिला असता. वजन तेवढंच, पदार्थ तोच, आणि फरक तिपटीचा. ज्यांना फक्त टक्केवारीचा तक्ता हवा असतो त्यांना मी हा हिशोब कागदावर करायला लावते, कारण एकदा स्वतःच्या हाताने केला की तो विसरत नाही.

साय आहे की नाही हे ओळखायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतोच असं नाही. पाच नॅनोमीटरची साय साध्या सेममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) दिसतही नाही. एक्सआरडीवरही (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीवरही) विसंबू नका. काचेला टोकदार शिखरं नसतात, आणि दीड टक्का काचेचा उंचवटा पार्श्वभूमीत हरवून जातो. त्यापेक्षा छोटी भट्टी आणि एलसीआर मीटर घ्या. खोलीच्या तापमानापासून १८० पर्यंत एक किलोहर्ट्झला कॉन्स्टंट मोजत जा. शुद्ध बेरियम टायटनेटच्या कॉन्स्टंटचं शिखर १२० ते १३० अंशांदरम्यान येतं. साय असेल तर शिखराची जागा तीच राहते, पण ते बसकं होतं. दाण्याचा स्वतःचा कॉन्स्टंट शिखरावर १०,००० असला तरी वरच्या हिशोबाने मोजमापात १०७५ च्या आसपासच दिसतो. खोलीच्या तापमानाला ८६०, शिखरावर १०७५. आलेख जवळजवळ सपाट. "तापमानाला स्थिर झालं" म्हणून हा आलेख शोधनिबंधात घालण्याआधी एक पायरी करा: १३० च्या वरचे बिंदू घेऊन एक भागिले कॉन्स्टंट विरुद्ध तापमान अशी रेघ काढा, आणि सोबत ॲडिटिव्ह न घातलेल्या पेलेटची रेघ काढा. दोन्ही रेघा समांतर असून एक वर सरकलेली असेल, तर मध्ये साय आहे. वर सरकण्याचं ते अंतर म्हणजे सायीचा वाटा. त्यावरून काचेचा कॉन्स्टंट गृहीत धरून जाडीचा अंदाजही बांधता येतो.

उपाय म्हणजे काच कमी करणं, हे उघड आहे, पण अर्ध्या टक्क्याच्या खाली गेलं की सिंटरिंगच अडतं. अशा वेळी जी काच नंतर स्फटिक होते अशी निवडा आणि उतरताना ७००-८०० च्या दरम्यान काही तास थांबा. काच स्फटिक होताना तिचं कोपऱ्यांत जमणं वाढू शकतं. किंवा द्रवाने काम झाल्यावर दाण्यात विरघळून जाणारं ॲडिटिव्ह घ्या. लिथियम फ्लोराइड त्या जातीचं आहे. ८४८ ला वितळतं, दाणे जुळवतं, आणि पुढे त्याचा मोठा भाग स्फटिकात शिरतो किंवा उडून जातो.

शिखरच सरकलं असेल तर

लिथियम फ्लोराइडने साय टळते, पण शिखर खालच्या तापमानाकडे सरकतं. स्फटिकात परका आयन शिरला की असंच होतं. स्ट्रॉन्शियम दर मोल टक्क्याला शिखर तीन-साडेतीन अंशांनी उतरवतं, शिसं वर नेतं. झिर्कोनियमही खाली आणतं, आणि हे लक्षात ठेवा, कारण तुमच्या बॉल मिलमधले गोळे झिर्कोनियाचे असतात. शिखर खोलीच्या तापमानाजवळ आलं की तिथला कॉन्स्टंट उलट वाढतो, आणि मग ॲडिटिव्हने "सुधारणा" झाली असं वाटतं. कपॅसिटरला मात्र उन्हाळ्यातही चालायचं असतं, त्यामुळे खोलीतला एकच आकडा बघून निर्णय घेऊ नका. पूर्ण तापमान-आलेख हवाच.

दाण्याचा आकारही इथेच पाहून घ्या. बेरियम टायटनेटचा कॉन्स्टंट एक मायक्रॉनच्या आसपासच्या दाण्यांना सर्वांत जास्त असतो, ५००० च्या घरात. दाणे दहा-वीस-पन्नास मायक्रॉन झाले की खोलीच्या तापमानाला तो १५००-२००० वर येतो. द्रव जास्त काळ राहिला की दाणे भराभर वाढतात. तेव्हा शिखर उंच आणि टोकदार असून खोलीच्या तापमानाचा आकडाच पडला असेल, तर काचेला दोष देऊ नका. भट्टीत थांबण्याचा वेळ निम्मा करून बघा.

दर खेपेला वेगळा आकडा

हा भाग सगळ्यांत जास्त वेळ खातो, आणि बोरॉनच्या बाबतीत तर विशेष. माझे स्वतःचे काही महिने यात गेले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

बोरॉन ऑक्साइड बाटलीत ठेवलं की हवेतलं पाणी ओढून हळूहळू बोरिक ॲसिड होतं. जुन्या बाटलीतून एक ग्रॅम तोलला तर त्यात नेमकं किती बोरॉन आहे हे कुणालाच माहीत नसतं. त्यापेक्षा सरळ बोरिक ॲसिडच तोला. एक ग्रॅम बोरॉन ऑक्साइडसाठी १.७८ ग्रॅम बोरिक ॲसिड लागतं. पण बोरिक ॲसिड पाण्यात विरघळतं, खोलीच्या तापमानाला १०० मिलिलिटरमध्ये पाचेक ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅम पावडर पाण्यात दळली तर एक टक्क्यासाठी घातलेलं सगळं ॲसिड त्या पाण्यात गेलेलं असतं. आता ती स्लरी (पाणी आणि पावडरीचं मिश्रण) गाळली, किंवा वरचं पाणी निथळून टाकलं, तर बोरॉन मोरीतून वाहून गेला.

निथळत नाही, ट्रेमध्ये ओतून ओव्हनमध्ये वाळवतो, असं बरेच जण सांगतात. तो ट्रे एकदा नीट बघा. पाणी वरून उडतं, तसं खालचं द्रावण वर येत राहतं, आणि शेवटी बोरिक ॲसिड पृष्ठभागावर आणि कडेला जमतं. आमच्या ट्रेमध्ये वर एक पांढरी, किंचित चमकणारी, कडक पापडी धरलेली होती. नखाने उचलली तर सबंध सुटून आली. खाली मऊ पावडर. मी तीच पापडी आणि खालची पावडर वेगळी दाबून एकाच भट्टीत भाजली. पापडीची पेलेट खालच्या प्लेटला चिकटून पसरली होती आणि पावडरची पेलेट खडूसारखी ठिसूळ. त्याआधी आम्ही ट्रेच्या ज्या कोपऱ्यातून चमचा घालत होतो, त्यावर निकाल ठरत होता. तेव्हापासून स्लरी मॅग्नेटिक स्टररवर गरम करत, लगदा होईपर्यंत ढवळतच वाळवायची, असा आमचा नियम आहे. बेरियम बोरेट किंवा झिंक बोरेट आधी बनवून, दळून घातलं तर हा त्रास आणखी कमी होतो.

बोरॉनची दुसरी अडचण बाइंडरशी, म्हणजे पावडर चिकटवून धरणाऱ्या पदार्थाशी आहे. बहुतेक जण पीव्हीएचं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं) पाणी घालून दाणेदार करतात. बोरेट पीव्हीएच्या साखळ्या एकमेकींना बांधतो. मुलं शाळेच्या प्रयोगात बोरॅक्स आणि डिंकाचं स्लाइम करतात तेच इथे खलात होतं. पावडर रबरासारख्या गोळ्यांत जमते, चाळणीतून जात नाही, आणि जबरदस्तीने चाळली तरी ते दाणे डायमध्ये दाबाखाली फुटत नाहीत. पेलेट काढली की कडेला आडव्या भेगा, भाजल्यावर पापुद्रे. लोक प्रेसचा दाब वाढवत बसतात. दाब वाढवू नका, बाइंडर बदला. पॉलिएथिलीन ग्लायकॉल चालतं.

बोरॉन नसेल तेव्हा मिसळणं तपासा. १०० ग्रॅम पावडरीत अर्धा टक्का म्हणजे अर्धा ग्रॅम. तो अर्धा ग्रॅम जाडसर, दहा मायक्रॉनच्या कणांचा असेल तर प्रत्येक कण वितळून आजूबाजूच्या फटींत शोषला जातो आणि त्याच्या जागी दहा मायक्रॉनचं गोल भोक उरतं. तोडलेल्या पेलेटवर एकाच मापाची गोल छिद्रं दिसली की ही ॲडिटिव्हच्या कणांची जागा समजा. ॲडिटिव्ह आधी वेगळं दळून बारीक करा, मग पावडरीत घाला.

जे ॲडिटिव्ह आपण घातलंच नाही तेही मोजा. अ‍ॅगेटचा खल (अकीक दगडाचा) म्हणजे सिलिका. बेरियम टायटनेट आणि सिलिका मिळून साधारण १२६० ला द्रव होतो, आणि त्यात ॲल्युमिना मिळालं की आणखी थोडं खाली. ॲल्युमिनाच्या गोळ्यांनी दळलं, ॲल्युमिनाच्या प्लेटवर भाजलं, तर प्लेटला टेकलेली बाजू आणि वरची बाजू वेगळी निघते. पेलेटखाली त्याच पावडरीचा थर पसरून ठेवा. पावडरीची पिशवी बदलली असेल तर बेरियम-टायटॅनियमचं प्रमाण विचारा. टायटॅनियम किंचित जास्त असलेली पावडर १३२० च्या आसपास स्वतःच द्रव सोडते, बेरियम जास्त असलेली सिंटरिंगला अडते. त्यावर तेच ॲडिटिव्ह अगदी वेगळं वागतं.

उरलं उडून जाणं. लिथियम, फ्लोरिन, बोरॉन, बिस्मथ, शिसं हे सगळे उडणारे. पेलेट भाजण्याआधी आणि नंतर तोला, बाइंडरचा हिशोब वजा करा. ट्रेच्या मधल्या आणि कडेच्या पेलेटमध्ये फरक असेल तर मुशीला झाकण ठेवा आणि त्याच मिश्रणाच्या पावडरीत पेलेट पुरून भाजा.

पोटात काळी

पेलेट तोडली आणि आत काळसर गाभा दिसला, तर बहुधा कार्बन अडकलाय. बोरॉन ऑक्साइड ४५० लाच वितळतं. बाइंडर पूर्ण जळण्याआधी द्रवाने छिद्रं बुजवली की धूर आतच राहतो, कधी पेलेट फुगतेही. ६०० पर्यंत मिनिटाला एक अंशाने चढा आणि तिथे दोन तास थांबा. एवढं करूनही गाभा निळसर-करडाच राहिला तर कार्बन नसून ऑक्सिजन कमी पडलाय. टायटॅनियमचा काही भाग त्रिसंयुजी होऊन पेलेट अर्धवाहक झाली आहे. थंड होताना ९००-१००० ला हवेत किंवा ऑक्सिजनमध्ये रेंगाळू द्या. किंचित मँगनीज घातलं तरी लॉस (विजेची उष्णतेत होणारी हानी) उतरतो.

लॉसबद्दल अजून एक. टॅन डेल्टा (लॉसचं माप) कमी फ्रिक्वेन्सीकडे चढत जात असेल तर पेलेट १५० अंशांना तासभर वाळवून, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (कोरड्या हवेच्या बंद भांड्यात) टाकून पुन्हा मोजा. पावसाळ्यात घेतलेली मापं मी याशिवाय मानत नाही. उघडी छिद्रं आणि बोरॉनची काच दोघंही पाणी पितात.

मायक्रोवेव्हचं काम असेल तर

तिथे कॉन्स्टंटपेक्षा क्यू (म्हणजे एक भागिले लॉस) जपायचा असतो. मॅग्नेशियम टायटनेटमध्ये ५ टक्के कॅल्शियम टायटनेट, हे जुनं भरवशाचं मिश्रण, १४०० ला भाजतात. कॉन्स्टंट २० च्या आसपास, क्यू गुणिले फ्रिक्वेन्सी ५६,००० गिगाहर्ट्झच्या घरात. म्हणजे ८ गिगाहर्ट्झला क्यू ७०००, लॉस ०.०००१४. यात आकारमानाने ५ टक्के काच घाला, जिचा स्वतःचा लॉस ०.००५ आहे. नुसती बेरीज केली तरी काचेचा वाटा ०.०००२५ होतो. एकूण जवळपास ०.०००३९, क्यू २६०० च्या आसपास, गुणाकार २१,००० च्या आत. इथे साय असो की कोपरा, काच काचच असते, त्यामुळे ती स्फटिक करणं किंवा मुळात कमी घालणं एवढाच मार्ग उरतो.

न वितळता काम करणारी ॲडिटिव्हही असतात, हे या निमित्ताने सांगते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांनी ॲल्युमिनात पाव टक्क्याच्या आसपास मॅग्नेशिया घातला आणि छिद्रं इतकी गेली की ॲल्युमिनातून प्रकाश पार होऊ लागला. सोडियम दिव्यांच्या नळ्या त्यातून आल्या. तिथे द्रव नव्हता. मॅग्नेशियाने दाण्यांच्या सीमा आवरून धरल्या, म्हणून काही दाणे बेफाम वाढून छिद्रं पोटात घ्यायचे थांबले.

शेवटी आमच्या टेबलावरचा नियम. प्रत्येक भाजणीत तीन पेलेट जातातच: आजच्या मिश्रणाची, ॲडिटिव्ह न घातलेली, आणि एका जुन्या, चांगल्या निघालेल्या खेपेच्या राखून ठेवलेल्या पावडरीची. जुनीही बिघडली तर भट्टी किंवा थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारा संवेदक) बघायचं. जुनी नेहमीसारखी आली आणि आजचीच बिघडली, तर ट्रेमधली पापडी शोधायची. ती राखीव पावडर घट्ट झाकणाच्या बाटलीत, डेसिकेटरमध्ये, तारखेची चिठ्ठी लावून ठेवा, आणि ५० ग्रॅम उरली की नवी खेप जुनीशी ताडून मगच बाटली बदला.